छोट्या गाड्यांचा मोठा लोहमार्ग

जानेवारी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे या गावी जॉन अॅलन यांचे निधन झाले. व्यवसायाने ते छायाचित्रकार होते. आपल्या घराच्या तळघरात त्यांनी सुमारे दोन दशके खपून 'गोरी अँड डॅफेटिड' नावाची एक संपूर्ण रेल्वे उभारली होती. डोंगर छताला भिडलेले, दऱ्या जमिनीपर्यंत उतरलेल्या आणि त्यांतून वाट काढत जाणारा, प्रत्येक स्लीपर हाताने मांडलेला लोहमार्ग. यार्डात डबे ढकलण्यासाठी त्यांनी इंजिनाऐवजी एमा नावाचा एक डायनासोर नेमला होता, यावरून त्यांच्या विनोदबुद्धीची कल्पना यावी. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत घराला आग लागली आणि त्या रेल्वेचा बहुतांश भाग जळून गेला. राहिली ती छायाचित्रे. तरीही घरगुती रेल्वे उभारणारे लोक पन्नास वर्षांनंतर ती छायाचित्रे न्याहाळत असतात. त्यातले जाणकार डोंगराकडे कमी आणि रुळांच्या वळणाकडे अधिक पाहतात.

त्याचे कारण साधे आहे. डोंगर उद्या बदलता येतो, स्टेशनची इमारत महिन्याभराने नवी करता येते. पण तळघरभर फिरून गेलेली मेन लाइन एकदा डोंगराखाली, बोगद्यात आणि खडीत गाडली गेली की तिच्यातील चूक दुरुस्त करणे म्हणजे वरचे सगळे फोडणे होय. अनेक मोठ्या घरगुती रेल्वे अपुऱ्या अवस्थेत मोडल्या जातात. पैसा संपला म्हणून मोडणाऱ्या त्यांत असतातच. पण गाडी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा रुळावरून उतरते, कारण सापडत नाही, आणि एक दिवस तळघराचा दिवा लावण्याचीही इच्छा उरत नाही, अशा प्रकारे संपलेल्याही थोड्या नसतात.

हा छंद अमेरिकेत आणि युरोपात संघटितपणे रुजला त्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली. 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ मध्ये मिलवॉकी येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. रुळांतील अंतर, चाकांची जाडी, सांध्यातील फट यांची मापे या संस्थेने ठरवून दिली. त्यामुळे वेगवेगळ्या कारखान्यांतील गाड्या एकाच रुळावर धावू लागल्या. गायक रॉड स्ट्युअर्ट यांनी लॉस एंजेलिस येथील घरात वर्षानुवर्षे राबून १९४० च्या दशकातील अमेरिकी शहर आणि त्याची रेल्वे उभी केली, हे २०१९ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले होते. पुण्यातील वाचकांना याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. भाऊ जोशी यांच्या परिश्रमातून साकारलेले कोथरूडचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि शाळांच्या कित्येक सहली तिथे जाऊन आल्या आहेत.

सर्वाधिक प्रचलित प्रमाण एचओ. खऱ्या गाडीचा सत्याऐंशीवा भाग. यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि ते १४३५ मिलिमीटर रुंदीच्या, म्हणजे युरोप-अमेरिकेतील आणि आपल्याकडे मुंबई मेट्रोच्या, मार्गाशी जुळते. भारतीय ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचे. त्याचा सत्याऐंशीवा भाग १९ मिलिमीटरहून किंचित अधिक भरतो. तेवढ्या रुंदीचा तयार रूळ बाजारात सहज मिळत नाही. म्हणून आपल्या गाड्यांच्या बहुतेक प्रतिकृती १६.५ मिलिमीटरवरच धावतात आणि जाणकारांच्या डोळ्यांना त्या किंचित अरुंद पायांवर उभ्या वाटतात.

प्रमाणाचे गणित इथे संपत नाही. मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर एचओ प्रमाणात मांडायचे तर २.२ किलोमीटर रूळ लागेल. असे घर कोणाकडेच नसते. अमेरिकेतील प्रशस्त तळघरातही ६० मीटरची मेन लाइन ही भाग्याची गोष्ट मानली जाते आणि ती प्रमाणात जेमतेम पाच किलोमीटर होते. तिच्यावर ताशी ५० किलोमीटर या प्रमाणबद्ध वेगाने निघालेली गाडी सहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोहोचते. एलएचबी प्रकारचा डबा या प्रमाणात २७ सेंटीमीटरचा होतो. वीस डब्यांची गाडी करायची तर इंजिनाशिवायच ५.४ मीटर. म्हणजे दोन स्टेशनांमध्ये गाडी धावते असे दिसण्याऐवजी तिचे इंजिन पुढच्या स्टेशनात आणि शेवटचा डबा मागच्या स्टेशनात, असा प्रकार होतो. छंदी माणूस म्हणून आठ-दहा डब्यांवर समाधान मानतो, स्टेशने कमी करतो आणि लोहमार्गाची प्रत्येक इंच लांबी जिवापाड जपतो.

लांबी वाढवण्याचा मोह हाच पहिल्या चुकीचा उगम. मार्ग वाढवायचा म्हणून वळणे आवळली जातात आणि चढ तीव्र केले जातात. खेळण्याच्या संचात १८ इंच त्रिज्येचे वळण येते. त्यावर लहान मालडबे निमूट फिरतात, पण लांब प्रवासी डबे एकमेकांना खेचून आतल्या बाजूला उलटे पाडतात. अनुभवाने ठरलेला ठोकताळा असा, की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. आपल्या २७ सेंटीमीटरच्या डब्यासाठी ती ८१ सेंटीमीटर येते, म्हणजे ३२ इंच. अर्धे वर्तुळ फिरवायचे तर नुसत्या वळणालाच साडेपाच फुटांहून अधिक रुंदीची जागा गेली. मुंबईच्या सदनिकेतील शयनगृहाचा विचार करणाऱ्यांनी इथेच एन प्रमाणाकडे, म्हणजे १६०व्या भागाकडे वळणे शहाणपणाचे.

चढाचे गणितही असेच निष्ठुर. एक मार्ग दुसऱ्याच्या वरून न्यायचा तर मधले अंतर, पूल आणि पाया धरून सुमारे १० सेंटीमीटर चढावे लागते. दर शंभराला दोन या चढाने त्यासाठी ५ मीटर लागतात आणि उतरण्यासाठी आणखी ५. खऱ्या रेल्वेत याहून तीव्र चढ आहेत. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील चढ सदतिसाला एक, म्हणजे शंभराला २.७ इतका आहे. पण तिथे कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात, हे रेल्वेने पुण्याला जाणारा प्रत्येकजण जाणतो. घरच्या घाटातही तीच पाळी येते. वळण आणि चढ एकत्र आले की प्रतिकृतीचे इंजिन अधिकच लवकर दमते.

अमेरिकेतील जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३ मध्ये लोहमार्ग-आखणीवर एक पुस्तक लिहिले आणि पुढील पिढ्यांनी ते पाठ्यपुस्तकासारखे वाचले. गाडीबरोबर माणसाला चालत जाता यावे अशी आखणी त्यांनी पुरस्कारली. एकाच देखाव्यातून तोच मार्ग चार वेळा नेण्याऐवजी भिंतींच्या कडेने आणि मधल्या द्वीपकल्पांभोवती तो एकदाच न्यावा, म्हणजे लांबी कमी असूनही प्रवास मोठा वाटतो. यात एक व्यावहारिक सोयही आहे. माणसाचा हात साधारण अडीच फुटांपर्यंत पोहोचतो. त्यापलीकडे मेन लाइन टाकली, तर गाडी नेमकी तिथेच पडणार!

आखणी झाली की सुतारकाम. रूळ टाकण्याची घाई झालेल्यांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो. पण रुळांचे निम्मे भवितव्य इथे ठरते. एचओ प्रमाणाच्या चाकाला आतल्या बाजूने जी कड असते, जिला रेल्वेच्या भाषेत फ्लँज म्हणतात, तिची खोली प्रमाणित मापानुसार अवघी ०.६४ मिलिमीटर असते. संपूर्ण गाडी या एवढ्याशा कडेच्या भरवशावर रुळावर राहते. खाली प्लायवूडच्या दोन तुकड्यांच्या जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, तर ती चाकाला भिंतीसारखी वाटते. म्हणून १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड वापरतात, जोडाखाली दुसरा तुकडा स्क्रूने आवळतात आणि पाणसळ लावून प्रत्येक आधार तपासतात. चढाच्या सुरुवातीला प्लायवूड तोडून जोडण्याऐवजी अखंड पट्टीच हळूहळू उचलली, तर लाकूड आपल्या स्वभावाने गोलाई घेते. हाताने केलेली कोणतीही गोलाई तितकी सफाईदार होत नाही.

प्लायवूडवर पेन्सिलने मार्गाची मध्यरेषा काढली जाते. सरळ भाग आणि वर्तुळाकार भाग कोणीही काढील. प्रश्न असतो दोहोंच्या सांधणीचा. सरळ मार्ग एकाएकी वळणात शिरला तर इंजिनाला झटका बसतो आणि डब्यांच्या जोडण्या तिरप्या ताणल्या जातात. खऱ्या रेल्वेत त्यासाठी संक्रमण वक्र असतो. घरी तो काढण्याची युक्ती मोठी रमणीय आहे. वळण सरळ रेषेला थेट न टेकवता सुमारे अर्धा इंच आत सरकवायचे, मग लाकडाची एक पातळ लवचिक पट्टी घेऊन तिचे एक टोक सरळ रेषेवर आणि दुसरे वळणावर खिळ्यांनी टेकवायचे. मधल्या भागात पट्टी जो आकार घेईल तोच संक्रमण वक्र. त्यावरून पेन्सिल फिरवली की काम झाले. गणिताच्या पुस्तकात ज्याला पानभर समीकरणे लागतात, ते लाकूड क्षणात सांगते.

मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बुचाच्या लाकडाच्या, म्हणजे कॉर्कच्या पट्ट्या चिकटवतात. तीन फुटी पट्टी मधोमध चिरलेली मिळते, त्यामुळे अर्धी पट्टी वळणावर सहज वाकते आणि चिरलेली कड बरोबर मध्यरेषेवर बसते. कॉर्क गाडीचा खडखडाट कमी करतो आणि खऱ्या मार्गाखाली असतो तसा भरावाचा उंचवटा देतो. अमेरिकेत कागदाच्या लगद्यापासून दाबून केलेले होमासोट नावाचे फळेही याकामी वापरतात, कारण त्यात हाताने खिळा रुततो. वाळल्यावर पॉलिश कागद घासून सगळा पृष्ठभाग एकसारखा करायचा आणि बोट फिरवून पाहायचे. डोळ्याला न दिसणारी गाठ बोटाला कळते.

आता रूळ. जॉन अॅलन यांच्या काळात रूळ, स्लीपर आणि बारीक खिळे सुटे आणून मार्ग बांधला जाई. आजही तसे करणारे आहेत. मोठ्या मेन लाइनसाठी मात्र बहुतेक जण तीन फूट लांबीचा लवचिक रूळ घेतात. ब्रिटनची पेको, अमेरिकेची अॅटलस अशा कंपन्या तो बनवतात. प्लॅस्टिकच्या स्लीपरवर निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे दोन रूळ बसवलेले असतात. नावात सिल्व्हर असले तरी यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिलाफ. रुळाची उंची कोडने सांगतात. कोड १०० म्हणजे इंचाचा शंभर सहस्रांश, कोड ८३ म्हणजे ८३ सहस्रांश. कोड ८३ दिसायला अमेरिकी मेन लाइनच्या भारी रुळांच्या जवळचा, तर कोड १०० थोडा बोजड पण दणकट. पुष्कळ जण बोगद्यात कोड १०० आणि डोळ्यांसमोर कोड ८३ वापरतात. यात चूक काही नाही. अंधारात सौंदर्य कोण पाहतो?

सरळ भागात लवचिक रूळ टाकणे सोपे. लांब पोलादी पट्टी बाजूला धरली की झाले. खरी कसोटी वळणावर. रूळ वाकवला की आतला रूळ बाहेरच्यापेक्षा पुढे सरकतो आणि तो कापावा लागतो. कापलेले टोक कानशीने गुळगुळीत करायचे, आतली वरची कड किंचित मोडायची आणि मग जोडपट्टी सरकवायची. पण वाकवलेला रूळ पुन्हा सरळ होण्यासाठी धडपडत असतो. ती धडपड जोडावर येते आणि वळणाच्या मध्येच एक कोपरा तयार होतो. वरून पाहताना तो दिसत नाही, रुळाच्या पातळीला डोळा नेला की चटकन दिसतो. गाड्या बहुधा इथेच पडतात. उपाय असा, की वळणावर येणारे दोन तुकडे आधी टेबलावर सरळ ठेवून एकमेकांना सोल्डरने जोडावेत आणि मग सहा फुटांचा तो अखंड रूळ एकदम वाकवावा. जोड मधल्या भागात येतो आणि वळण एकसंध राहते. जोडपट्टीसाठी काढलेले स्लीपर तळाशी थोडे घासून नंतर खालून सरकवले जातात. सोल्डरचा जास्तीचा थेंब आतल्या बाजूला राहू देऊ नये. ०.६ मिलिमीटरच्या कडेसाठी तो दगडच असतो.

रूळ चिकटवण्यासाठी पूर्वी खिळे ठोकत. खिळा जरा अधिक ठोकला गेला की स्लीपर मध्यावर दबतो आणि दोन रूळ एकमेकांकडे झुकतात. आता खिडक्यांच्या फटी बुजवण्याचे अॅक्रिलिक सीलंट वापरतात. त्याचा अगदी पातळ थर कॉर्कवर पसरायचा, रूळ ठेवायचा, टाचण्यांनी अडकवायचा आणि वर वजन ठेवायचे. अमेरिकी तळघरांत या कामी सूप आणि घेवड्याचे डबे वापरले जातात; आपल्याकडे पितळी वजने किंवा वरवंटाही चालेल. याचा मोठा गुण हा, की चूक झाल्यास पत्र्याची पातळ पट्टी खालून सरकवून रूळ अखंड उचलता येतो.

मग येतो ऋतूंचा प्रश्न, आणि तो धातूपेक्षा लाकडाचा अधिक असतो. ३० मीटर लांबीचा निकेल सिल्व्हरचा रूळ १५ अंशांच्या तापमानबदलाने सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. पण तळघरातील तापमान फारसे बदलत नाही. बदलते ती आर्द्रता. अमेरिकेत हिवाळ्यात घर तापवणारी यंत्रणा सुरू झाली की हवा कोरडी होते, लाकूड आक्रसते आणि न आक्रसणारा रूळ वर किंवा बाजूला फुगतो. सप्टेंबरात निर्दोष असलेली मेन लाइन जानेवारीत सापासारखी वळवळलेली आढळते. मुंबई-कोकणात याच्या उलट, जूनमध्ये लाकूड फुगते आणि जोड उघडतात. म्हणून वळणावरचे जोड सोल्डरने पक्के करायचे आणि सरळ भागातील काही जोड मोकळे ठेवून त्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट सोडायची, ही रीत आहे. कच्च्या लाकडाऐवजी प्लायवूड वापरणे, ते सर्व बाजूंनी रंगवणे आणि खोलीत आर्द्रताशोषक यंत्र ठेवणे हे फट सोडण्याहूनही प्रभावी उपाय. खऱ्या लोहमार्गावर लांबच्या लांब वेल्ड केलेले रूळ चालतात, कारण जड स्लीपर आणि खडी त्यांना जागचे हलू देत नाहीत. प्लॅस्टिकच्या बारीक खोबणीत ती ताकद नसते.

सांध्यांविषयी, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या रचनेविषयी, थोडक्यात एवढेच, की मेन लाइनवर काटकसर करू नये. सांध्याचा क्रमांक जितका मोठा तितके वळण सौम्य. भारतीय रेल्वेत प्रवासी मार्गावर बारास एक आणि यार्डात साडेआठास एक असे सांधे आढळतात. घरी आठ क्रमांकाचा मिळाला तरी उत्तम. सहाचा खपून जातो. हलत्या पात्यांखाली सीलंटचा कणही जाऊ नये आणि सांधा बसवण्यापूर्वीच त्याच्या यंत्रासाठी खालून भोक पाडून ठेवावे. हे भोक नंतर पाडण्याचा प्रसंग प्रत्येकावर एकदा येतो, दुसऱ्यांदा सहसा येत नाही.

रूळ हे केवळ वाट नसून विजेची तारही असतात. पूर्वी मेन लाइनचे अनेक विलग खंड करून प्रत्येकाला स्वतंत्र बटण द्यावे लागे. १९९० च्या दशकात अंकीय नियंत्रणाचे प्रमाण ठरले आणि एकाच मार्गावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवता येऊ लागली. वायरिंग सोपे झाले, पण संपले नाही. जोडपट्ट्या काही वर्षांत काळवंडतात आणि वीज नेईनाशा होतात. म्हणून खालून जाड तारेची जोडी फिरवून प्रत्येक तीन फुटी रुळाला तिच्यातून बारीक तारा सोल्डर करतात. साठ मीटरच्या मार्गाला अशा शंभराहून अधिक तारा लागतात, त्याही बहुधा उताणे झोपून. परीक्षा मात्र सोपी आहे. ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर आडवे नाणे ठेवायचे. नियंत्रक तत्काळ बंद पडला पाहिजे. न पडल्यास तिथे तारा अपुऱ्या आहेत आणि एखाद्या रात्री इंजिन तिरपे पडले तर प्लॅस्टिक वितळेपर्यंत वीज वाहत राहील. मार्ग फिरून स्वतःलाच उलट दिशेने येऊन मिळत असेल, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. असा फास दोन्ही टोकांना विलग करून त्याला ध्रुवता बदलणारे उपकरण जोडावे लागते. आखणी कागदावर असतानाच हे पाहिलेले बरे.

शेवटचा जोड बसला की अनेक ठिकाणी सोनेरी रंग दिलेला खिळा ठोकण्याचा समारंभ होतो. १० मे १८६९ रोजी उटा येथील प्रॉमन्टरी समिट येथे अमेरिका खंड ओलांडणारा लोहमार्ग पुरा झाला, तेव्हाच्या सोन्याच्या खिळ्याची ही आठवण. मित्र येतात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी खरे काम सुरू होते. सर्वांत लांब डबे आणि सर्वांत तक्रारखोर इंजिन घेऊन गाडी पुढे चालवायची, मग तीच संपूर्ण गाडी उलट ढकलायची. ओढताना लपलेले दोष ढकलताना उघड होतात. जिथे डबा डुलेल, तिथे खडूची खूण. मग रूळ मोजण्याचे पत्र्याचे माप घेऊन गुडघे टेकायचे आणि गँगमनप्रमाणे एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहायचे. बोगद्यात जाणाऱ्या भागाची तपासणी सर्वांत कडक, कारण तिथे नंतर हात घालण्यापुरती झडपच काय ती राहणार.

खडी टाकण्याची घाई इथे अनावर होते. बारीक खडीवर पाणी मिसळलेला पांढरा गोंद सोडला की करडा प्लॅस्टिक रूळ एकाएकी खरा वाटू लागतो. पण तो गोंद सुकला की रूळ सरकत नाही आणि उचलताही येत नाही. जुनी मंडळी म्हणून मेन लाइन वर्षभर उघडी ठेवतात. तिच्यावरून गाड्या चालतात, खडूच्या खुणा पुसल्या जातात, नव्या उमटतात. आपल्याकडे त्या वर्षात एक संपूर्ण पावसाळा आणि त्यामागून येणारा ऑक्टोबरचा उकाडा धरावा लागतो. नोव्हेंबरात पुन्हा एकदा लांब डब्यांची गाडी उलट ढकलून पाहायची आणि मगच गोंदाची बाटली उघडायची.